‘त च खेत न कसते’ : बालश्रीवरच्या कादंबरीच्या कामाच्या नोंदी

तलाठी म्हणून लागले आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. दैनंदिनी लिहायची सवय हाताला इतकी बसलेली की निवृत्तीनंतरही सुटली नाही. या नोंदी त्याच वहीतल्या. जुन्या काळच्या राणीवर लिहायला बसणाऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून टाकते आहे. चुका झाकलेल्या नाहीत.

१८ फेब्रुवारी २०२४

बेत ठरला. चार राण्या, चार दीर्घकथा: असिरियाची सेमिरामिस, इजिप्तची क्लिओपात्रा, पाल्मिराची झेनोबिया आणि आपली सातवाहनांची गौतमी बालश्री, गौतमीपुत्र सातकर्णीची आई. दीडशे-दोनशे पानांचं पुस्तक होईल असा अंदाज. मुदत स्वतःलाच दिली, दिवाळी. पुस्तकांवर आजपर्यंत खर्च ४,२०० रुपये.

सेमिरामिसनं पहिल्याच आठवड्यात मोहात पाडलं. ग्रीकांच्या गोष्टीत तिला कबुतरांनी वाढवलं. पुढे ती हिंदुस्थानावर चालून येते आणि आपल्याकडे हत्ती नाहीत म्हणून बैलांची कातडी शिवून ती उंटांवर चढवते. खोटे हत्ती! आपल्या बाजूच्या खऱ्या हत्तींनी अर्थातच त्यांची दाणादाण उडवली. या दंतकथेमागची खरी बाई बहुधा शम्मुरामत, इसवी सनापूर्वीच्या नवव्या शतकाच्या अखेरची. तिचं नाव शिलालेखात लेकाच्या नावासोबत येतं. ही गोष्ट तेव्हा नुसती वहीत टिपून ठेवली. आई आणि लेक एका दगडावर, हे पुढे इथेच, नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या डोंगरावर भेटणार आहे हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

९ मार्च

तीन राण्या रद्द.

झेनोबियाची अकरा पानं लिहिली होती. २७२ साली ऑरेलियन तिला पकडतो तिथपर्यंत आले होते. रात्री वाचून पाहिली तर वाळवंटात सगळीकडे ‘तप्त वाळू’ आणि ‘सळसळणारे खजूर’. खजुराचं झाड मी जवळून पाहिलेलं नाही. तिथल्या विहिरीला दोर लागतो की पायऱ्या असतात, माहीत नाही. उंट बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो की मागचे, हे फोनवर बघावं लागलं. (पुढचे.) असं दर ओळीला बघत बसले तर दिवाळी पुढच्या जन्मीची.

बालश्रीचं बरं आहे. तिचा डोंगर माझ्या गच्चीवरून दिसतो.

२४ मार्च

पांडवलेणी. शाळेच्या सहलीनंतर वही घेऊन पहिल्यांदाच. तिकीट २५ रुपये. साडेदहाला चढायला लागले ही चूक. उन्हानं जीव काढला. पुढच्या वेळी उघडताक्षणी जायचं.

तिसरं लेणं तिचं. ओट्याखाली गण आहेत, खांद्यावर तुळया घेतलेले, जणू अख्खं लेणं उचलून कुठेतरी निघालेत. त्यातल्या एकाच्या मानेकडे बराच वेळ पाहत बसले. आमच्या गावी धान्याचं पोतं पाठीवर टाकताना हमालाची मान अशीच आत जाते.

वर व्हरांड्याच्या भिंतीवर तिचा लेख. तिच्या नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याचं १९वं वर्ष, उन्हाळ्याचा दुसरा पक्ष, दिवस तेरावा. फोनचा टॉर्च समोरून मारला की अक्षरं दगडात विरघळतात. कडेनं, भिंतीला जवळजवळ चिकटवून धरला की उठून दिसतात. हे कळायला अर्धा तास आणि ४० फुकट फोटो गेले.

लेख लांबलचक आहे आणि त्यातला बहुतेक भाग लेकाच्या कौतुकात. शक-यवन-पल्हवांचा नाश करणारा, खखरात वंश निःशेष करणारा, ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो. आणि आईच्या सेवेत खंड न पडू देणारा, हेसुद्धा तिनं बिरुदांत कोरून घेतलं आहे! स्वतःबद्दल एवढंच: खरं बोलणं, दान, क्षमा, अहिंसा यांत रमलेली, तप, संयम, उपास करणारी, राजर्षीच्या बायकोला शोभेल अशी वागणारी. महादेवी, महाराजाची आई, महाराजाची आजी. नवऱ्याचं नाव मात्र नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर पतीचं नाव हा रकाना कोरा.

९ एप्रिल, पाडवा

लिहायला सुरुवात. गौतमीपुत्राचा शत्रू नहपान, त्या खखरात वंशातला शक राजा, त्याच्याशी लढाईनं उघडायचं ठरवलं. बोटं दुखतात म्हणून फोनवर बोलून टाइप करून पाहिलं. ‘सातकर्णी’ दर वेळी ‘सात करणी’ उमटतं. पुळुमावीची ‘फुल मावशी’ झाली. दोन तासांत ६०० शब्द आणि ते दुरुस्त करायला पुन्हा दोन तास. बंद. कळफलकच बरा.

२ जून

३८ हजार शब्द. तीन लढाया, एक वेढा, एक फितुरी. खूश होते.

मावसबहिणीला वाचून दाखवले. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, जन्मभर मराठी शिकवलेली. चहा संपेपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “अगं, ही जिजाऊ आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे नऊवारी काढून घेतलीस, एवढंच. लेक मुजरा करतो, ही ‘विजयी भव’ म्हणते, औक्षण करते, डोळ्यांच्या कडा पुसते. तो लढायला जातो. तू पण त्याच्याबरोबर जातेस. ही वाड्यात काय करते तोवर?”

“तिथं काय लिहिणार ताई? तिच्याबद्दल काही माहितीच नाही.”

“त्याच्याबद्दल तरी कुठे आहे? घोडे सगळे तूच आणलेस ना?”

राग आला. दोन दिवस फोन केला नाही.

तिचं खरं होतं हे कळण्यासाठी एक उद्योग केला. हिरवा पेन घेऊन पहिली तीस पानं तपासली. फौज, सरदार, हुकूम, खजिना, जखम, शाबास, तयार, बाजार, नजर, हजार, दरबार, फितूर, मुजरा. तीस पानांत १४३ ठिकाणी फारसी-अरबी शब्द, आणि तेही पात्रांच्या तोंडी. सातवाहनांची राणी सतराव्या शतकातलं बोलत होती. मराठीत ऐतिहासिक म्हटलं की लेखणी आपोआप शिवकाळाच्या चाकोरीत पडते. जी एक भाषा आपल्या कानात ‘इतिहासाची’ म्हणून बसली आहे ती बाहेर काढायलाच महिना लागतो.

२१ जून

शब्द बदलले आणि दुसऱ्या खड्ड्यात पडले. फौजेची ‘सेना’, हुकुमाची ‘आज्ञा’, जखमेचा ‘व्रण’. आता सगळे जण मांडवातल्या निवेदकासारखे बोलतात. दारातली म्हातारीही ‘हे वत्सा’ म्हणायला लागली.

पुन्हा काढलं. आता नियम असा केला आहे. निवेदन माझं आहे, २०२४ सालचं. तिथे काही बंदी नाही. संवादात फारसी नाही आणि पोथीतलं संस्कृतही नाही. शेत, बांध, पाऊस, लेक, पाणी, दूध, वाट, भूक, माती, हात, पाय अशा शब्दांत जेवढं बोलता येईल तेवढंच पात्रं बोलतील. जे त्यात बसत नाही ते बोलणार नाहीत. गंमत म्हणजे वाक्यं आपोआप आखूड झाली आणि माणसं जरा शहाणी वाटायला लागली. ‘हजार’ अडतो, तर ‘दहा शेकडे’ म्हणायचं. ‘दहा शेकडे घोडे’ कानाला बरं वाटतं.

त्याच डोंगरातल्या दहाव्या लेण्यात नहपानाच्या लेकीचा, दक्षमित्रेचा लेख आहे. तिनं भिक्खूंना खोली दिली, तिला शब्द आहे ‘ओवरक’. आपली देवळातली ओवरी ती हीच. असे शब्द सापडले की त्या दिवशी पानं कमी भरली तरी चालतात.

७ जुलै

स्वयंपाकघर तपासलं. लाज वाटावी असे प्रकार.

शिलालेख जिला उपासाचं व्रत घेतलेली म्हणतो, तिला मी एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊ घातली होती. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो अमेरिकेतला. वरचे दाणे अमेरिकेतले, बटाटा अमेरिकेतला, हिरवी मिरची अमेरिकेतली. खिचडी काढून रताळं घातलं; तेही तिकडचंच. राजगिरा घातला, तोही. थोडक्यात, आपल्या उपासाचं सगळं ताट पोर्तुगीज येण्याआधी रिकामं होतं. शेवटी वरई, दूध, केळी, शिंगाडे.

तिखटाला मिरी, पिंपळी, आलं. तोरणातला झेंडूही गेला, तो मेक्सिकोचा. जाई, बकुळ, कमळ, पळस ठेवले. सीताफळाची बाग पेरूसकट उपटली. कागदावरचं पत्र ताडपत्रावर घेतलं. घोडेस्वाराची रिकीब काढली, तेव्हा तो ‘रिकिबीत उभा राहून’ ओरडत होता तो प्रसंगच पडला.

पैशांसाठी ‘मोहरा’ लिहीत होते. उत्तर दहाव्या लेण्यात दगडावर. नहपानाचा जावई उषवदात नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ३,००० कार्षापण ठेवतो: २,००० महिना शेकडा एक व्याजानं, १,००० शेकडा पाऊण व्याजानं. त्यातून एका भिक्खूला कापडासाठी १२ कार्षापण. ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण. म्हणजे एका माणसाचं कापडचोपड १२ नाण्यांत भागतं, एवढा धागा हाताला लागला आणि त्यावरून पुस्तकातले सगळे पगार, लाच आणि दक्षिणा लावल्या. प्राचीन काळावर लिहिणाऱ्यानं युद्धाआधी भाव शोधावेत.

११ ऑगस्ट

महिनाभर काही नाही. पाऊस, भाचीचं लग्न, गुडघा. चौथी लढाई लिहिली, मलाच वाचवेना.

१ सप्टेंबर

आज काय सापडलं ते सविस्तर लिहिते, कारण कादंबरी इथून फिरली.

सार्वजनिक वाचनालयात बसून लेण्यातले बाकीचे लेख उतरवून घेत होते. मोठ्या लेखाच्या नादात तिसऱ्या लेण्यातल्या दोन छोट्या लेखांकडे बघितलंच नव्हतं. दोन्ही गौतमीपुत्राचे. पहिला त्याच्या राज्याच्या १८व्या वर्षाचा: गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला आज्ञा की, अपरकखडी गावातलं उषवदाताच्या ताब्यात असलेलं २०० निवर्तनं (तेव्हाचं जमिनीचं माप) शेत भिक्खूंना दिलं आहे. नहपानाच्या जावयाची जमीन जप्त आणि लगेच दान. इथवर ठीक.

दुसरा २४व्या वर्षाचा. आता अमात्य सामक आहे. बदली झाली, मी मनात म्हटलं. आज्ञा आहे राजाची ‘आणि जीवसुता महादेवी राजमाता’ हिच्या वचनानं. मजकूर असा की, कखडी गावात आम्ही पूर्वी शेत दिलं होतं, पण

‘त च खेत न कसते, सो च गामो न वसति.’

ते शेत कसत नाही आणि ते गाव वसत नाही.

वाचनालयात मोठ्यानं हसले. समोरच्या आजोबांनी वर बघितलं. दोन हजार वर्षांपूर्वीचं वाक्य आणि मला त्याचा एकही शब्द कुणी समजावून द्यावा लागला नाही. ‘कसणे’ हे क्रियापद मी किती पंचनाम्यांत लिहिलं असेल! पीकपाहणीला जावं, बांधावर उभं राहावं, समोर टाकळा आणि काँग्रेस गवत माजलेलं, आणि रकान्यात ‘पडीक’ लिहावं. आणि गावाला माणूस नसेल तर ‘बेचिराख’. (हाही फारसीच, संवादात चालणार नाही. ‘ओसाड’.)

पुढे लेख म्हणतो, म्हणून आता नगराच्या सीमेवर आमच्या मालकीचं जे राजशेत आहे त्यातून १०० निवर्तनं द्यावीत. हे तेच शेत मानलं, तर २०० च्या बदली १००. मग सवलती: त्या जमिनीत अधिकाऱ्यानं शिरायचं नाही, कुणी हात लावायचा नाही, मीठ खणायचं नाही. म्हणजे आमच्या खात्याला बंदी. हा चक्क फेरफार आहे. कोणी दिलं, कोणाला, किती, कशाच्या बदली, कोणत्या अटींवर. व्यवहार उन्हाळ्याच्या दुसऱ्या पक्षात दहाव्या दिवशी, लेख पावसाळ्याच्या चौथ्या पक्षात पाचव्या दिवशी. ऋतूचे आठ पक्ष धरून मोजलं तर मध्ये पावणेपाच महिने. नोंद मंजूर व्हायला तेव्हाही पावणेपाच महिने लागायचे, याचं मला जे समाधान झालं ते इथे लिहून सांगता येत नाही.

आणि शेवटी हा दस्त ज्यांच्या हातून गेला त्यांची नावं. त्यात एक: प्रतिहाररक्षी लोटा. राजाच्या दारावरची राखणदार. बाई.

घरी येताना रिक्षात तीनच प्रश्न डोक्यात. दान दिलेल्या शेतावर कुणी नांगर का धरेना? गाव कुठे गेलं? आणि राजाच्या आज्ञेवर आईची सही का लागली? राजा आजारी असावा असा तर्क अभ्यासकांनी केला आहे, मी तोच धरला. ‘जीवसुता’ म्हणजे जिचा मुलगा जिवंत आहे ती. धडधाकट लेकाच्या आईला असं कोण म्हणतं?

४ ऑक्टोबर

काल मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला. ताईचा फोन, माझ्याशी बोलण्याआधी चार ठिकाणी पेढे वाटून झाले होते तिचे. मी तिला ‘न कसते’ वाचून दाखवलं. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, “आणि तू घोडे पळवत होतीस.”

३८ हजारांतले १,४०० शब्द ठेवले: पावसात नदी चढते तो प्रसंग आणि शिंगाडे. बाकी सगळं ‘रद्द’ नावाच्या फोल्डरात. पुसलं नाही, तेवढी हिंमत नव्हती. पाच महिने गेले. दिवाळीची मुदतही गेली.

१० नोव्हेंबर

नवी मांडणी. तीन दस्त, तीन भाग: १८वं वर्ष, २४वं वर्ष, आणि नातवाचं १९वं. सांगणारी लोटा. लढाई एकही नाही. लढाईनंतर शेत कुणाच्या नावावर चढलं, ते कसायला माणूस का मिळत नाही आणि अमात्य वर काय कळवतो, एवढ्यावर पहिले दोन भाग चालतात. कखडी गाव ओस का पडलं याचं उत्तर मी रचलं आहे. नव्या मालकांना कर माफ, पण कुळांना कोण विचारतो, आणि उषवदाताची माणसं म्हणून त्यांना पाणवठ्यावर शेजारचे टिकू देत नाहीत. हे मी नोकरीत डोळ्यांनी पाहिलं आहे. राजवटीऐवजी धरण होतं, एवढाच फरक.

वयांनी घोळ घातला. लेक गादीवर आला तेव्हा तो १८चा आणि ती ३६ची धरू. त्याच्या २४व्या वर्षी ती ६०. नातू लगेच गादीवर आला असं धरलं, तर त्याच्या १९व्या वर्षी ती ७९. काही अभ्यासक बाप-लेकांनी एकाच वेळी राज्य केलं असं मानत, तसं धरलं तर ती तरुण होते. पण मला म्हातारीच हवी होती. पहिल्या खर्ड्यात ती डोंगर चढून येते आणि लेण्यावर हात फिरवते. मी ५९ची, चढताना तीनदा बसले. ७९ची राणी चढेल? डोली काढून पाहिली, ती खोटी वाटली. आता ती खालीच थांबते. वर लोटा जाते, खोल्या मोजते, आणि खाली येऊन सांगते, ‘अठरा’. म्हातारी विचारते, ‘नीट मोजल्यास?’ हा प्रसंग चार वेळा लिहिला. चौथ्यांदा जमला, कारण लोटाला परत वर पाठवलं.

२२ डिसेंबर

नाणेघाट. गाडी ६,५०० रुपये. रविवारी जायला नको होतं. लेण्यात सेल्फीवाल्यांच्या कोपरांतून लेख वाचला.

जाण्याचं कारण नागनिका. सातवाहनांचीच, पण बालश्रीच्या कितीतरी आधीची राणी. दोन्ही भिंतींवर तिचा लेख: यज्ञ, दोन अश्वमेध, गाईघोडेहत्तींची दक्षिणा. मागच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते. वर नावं कोरलेली आहेत, राया सिमुक, देवी नागनिका, सातकर्णी. खाली आता पायांचे अवशेष तेवढे उरलेत.

बाहेर येऊन त्या मोठ्या दगडी रांजणापाशी बसले, आणि तेव्हा लोटाचा आवाज मिळाला. दारावरची बाई मान खाली घालून उभी असते. ती माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाही, पायांवरून ओळखते. कुणाच्या टाचा फुटल्या, कुणाचं जोडवं सैल, कोण दारापाशी येताना पावलं हळू टाकतो. पहिलं वाक्य गाडीतच लिहिलं: ‘नव्या अमात्याच्या पायाला चिखल नव्हता.’ पावसाळ्यात शेत पाहून आलो म्हणणारा अमात्य आणि पाय कोरडे! खोटी पीकपाहणी पकडायची ही माझी जुनी युक्ती, चपला बघायच्या.

२६ जानेवारी २०२५

जोगलटेंभीचा साठा तपासला. १९०६ साली सापडला, १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी नहपानाची. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं स्वतःचा ठसा वरून मारलेला. मी आधी लिहिलं होतं की त्यानं नाणी ‘वितळवली’. चूक. वितळवली असती तर साठ्यात नहपान दिसलाच नसता. ठसा वरून बसतो आणि खालचा चेहरा कडेनं डोकावतो.

मोठ्या केलेल्या फोटोत एक नाणं बराच वेळ पाहिलं. तीन कमानींचा डोंगर, आणि त्याच्या पायथ्याशी कुणाचं तरी नाक. कखडीचा म्हातारा कुळवाडी लोटाच्या हातात हेच नाणं ठेवतो आणि विचारतो, ‘यातलं कोण खरं धरू?’ हे वाक्य खोडलं. फार शहाणं झालं होतं. आता तो विचारतो, ‘हे चालतं का अजून?’

३० मार्च, पाडवा

खर्डा पूर्ण, ६१ हजार शब्द. वर्ष होऊन गेलं.

१६ मे

अक्षरजुळणीनं पंधरा दिवस खाल्ले. पहिल्या ठिकाणी युनिकोडमधली फाइल दिली, त्यांनी ती जुन्या फॉन्टात वळवली. रफार उडाले, ‘ऱ्या’ची ‘र्या’ झाली, ‘सातकर्णी’चा ‘सातकणी’ झाला. शिलालेखात खरोखरच ‘सातकणि’ आहे, त्यामुळे प्रूफ वाचताना पहिली वीस पानं मला चूक कळलीच नाही! ९६ पानं जुळवून झाली होती, ३५ रुपये पानानं ३,३६० गेले. दुसरीकडे थेट युनिकोडमध्ये करून घेतलं: २१२ पानं, ७,४२० रुपये. आधी दहा पानांचा नमुना मागा, आणि त्यात पाऱ्या, दऱ्या, कुऱ्हाड, सर्व, कर्ण हे शब्द असतील असं बघा.

एकूण हिशेब: पुस्तकं ४,२००, झेरॉक्स १,८६०, नाणेघाट ६,५००, जुळणी वाया गेलेली धरून १०,७८०, प्रूफाच्या प्रती ९००. झाले २४,२४०. यात चहा आणि रिक्षा नाही.

८ जून

मनोगत पाचव्यांदा लिहिलं. आधी ‘ही कादंबरी सत्यावर आधारित आहे’ असं घातलं होतं, ते काढलं. आता दोन पानं सरळ: दगडावर आहे ते हे. लोटाचं नाव आणि काम दगडावर आहे, तिचे पाय, तिचा आवाज, तिची लेक माझी. शेत आणि १०० निवर्तनं दगडावर, कुळवाडी माझा. ‘जीवसुता’ दगडावर, लेकाचा ताप माझा. आमच्या खात्यात खाडाखोड केली तर बाजूला सही करावी लागते, तसंच हे.

ताईनं वाचलं. “लेकाचा ताप माझा, हे बरं आहे,” म्हणाली. “पण उपासाला दूध एवढं कसं चालतं गं तिला?”

१९ जून

सकाळी गोवर्धनला जाऊन आले. शेवटचं प्रकरण तिथलं आहे म्हणून पावसातला रंग बघायचा होता. रस्त्याच्या एका बाजूला फार्महाऊसच्या भिंती, दुसऱ्या बाजूला एक तुकडा तसाच पडलेला, गुडघाभर गवत. वही काढून उभी राहिले तर बांधावरून एक जण आला.

“मॅडम, मोजणीला का?”

“नाही हो, असंच.”

“मग लिहिता काय?”

“पडीक किती वर्षं आहे हे?”

“भावाभावांचं भांडण. पाच-सहा वर्षं झाली असतील. कुणी कसत नाही.”

मातीचा रंग टिपला, विटकरीकडे झुकणारा काळा. चपला चिखलानं भरल्या.

दुसरं प्रूफ उद्या परत द्यायचं आहे. पान ११२ वर लोटा ४० वर्षांची लिहिली आहे. राज्याच्या १८व्या वर्षी ती ३०, तर २४व्या वर्षी ३६. पुन्हा चुकलं.